अबोलीचा हिवाळा

आमच्या घराण्यात महालक्ष्म्यांच्या मुखवट्यांची जोडी एकच आणि अबोलीची कुंडीही एकच. एका वर्षी महालक्ष्म्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागात माझ्याकडे बसतात, दुसऱ्या वर्षी मुरार भागात माझ्या थोरल्या जाऊबाईंकडे, म्हणजे कुसुमताईंकडे. भाद्रपदात विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी मुखवट्यांची पेटी आणि कुंडी एकाच वाहनातून पुढच्या घरी जातात. पूर्वी टांगा असे, मग टेम्पो आला, आता ई-रिक्षा. ज्या घरी कुंडी जाईल त्या घराने ती एक हिवाळा सांभाळायची आणि पुढच्या भाद्रपदात दोन्ही मुखवट्यांना घरच्या अबोलीची वेणी घालायची, असा नियम सासूबाईंनी एकाहत्तर साली घालून दिला. त्या वर्षी थोरले भावजी मुरारच्या शाळेत मास्तर झाले आणि दोन चुली झाल्या. “मुखवटे वाटता येत नाहीत, कुंडीही वाटायची नाही. एकच राहील,” एवढंच त्या म्हणाल्या. का, ते आम्ही विचारलं नाही. तेव्हा सुना असं विचारत नसत.

अबोली मूळची उबदार मुलखातली. सासूबाईंनी ती सांगलीहून, माहेराहून, डालड्याच्या डब्यात आणली होती. ग्वाल्हेरला गेंदा, गुलाब, मोगरा हवा तेवढा मिळतो, पण अबोली म्हटलं की फुलवाला आजही तोंडाकडे बघतो. तिला वास नाही, त्यामुळे इथल्या लोकांना तिचं कौतुक कळत नाही. आमच्या अबोलीचा रंग भगवाही नव्हे आणि पिवळाही नव्हे. कोवळ्या उन्हात केशरी बर्फी धरली तर दिसेल तसा.

तिला इथला उन्हाळा सोसतो. जूनच्या लूच्या झळांतही अर्धी सावली आणि दोन वेळा पाणी दिलं की ती उभी राहते. पावसात तर तिला बघत बसावं. तिचा वैरी म्हणजे इथली थंडी. दिवाळी झाली की मी कुंडी दक्षिणेच्या खिडकीशी आत घेते. पाणी दुपारीच द्यायचं, तेही तांब्यात घालून उन्हात ठेवलेलं, चार दिवसांनी एकदा. पौषात आठ दिवसांनी अर्धाच तांब्या. होळीपर्यंत खत नाही आणि कात्रीही नाही. होळीनंतर फांद्या तिसऱ्या हिश्श्यानं छाटायच्या, वरची माती बदलून जुनं शेणखत घालायचं आणि मग हळूहळू बाहेर न्यायचं.

कुसुमताईंशी माझा वाद दोन गोष्टींवरून. फुलं सरलेले तुरे मी लगेच कापते, म्हणजे नवीन येतात. त्या तुरे झाडावरच वाळू देतात आणि नातवंडं आली की वाळलेल्या तुऱ्यावर पाणी शिंपडून त्यातल्या बोंडांचा तडतडाट ऐकवतात.

“डोकी उडवतेस तू तिची,” त्या म्हणायच्या.

“आणि तुम्ही पोरांच्या खेळापायी तिला म्हातारी करता,” मी म्हणायची.

दुसरा वाद त्र्याऐंशी सालचा. त्या हिवाळ्यात त्यांनी कुंडीवर मेणकापड घातलं, ते पानांना चिकटलं, आणि जिथं चिकटलं तिथं पानं जळली. झाड वाचलं, पण त्या भाद्रपदात वेण्या बोटभर झाल्या. ती बोटभर वेणी मी चाळीस वर्षं कुसुमताईंना ऐकवली. लग्नात, बारशात, एकदा तर भावजींच्या साठीशांतीत, सगळ्यांसमोर.

आता या जानेवारीत काय झालं ते सांगते.

डिसेंबर उबदार गेला होता. संक्रांतीच्या सुमारास बघते तर कुंडीत एक तुरा आणि त्यावर तीन फुलं. पौषात अबोली! कुसुमताई नेहमी म्हणत, “ग्वाल्हेरात पौषात अबोली फुलली तर मी नाव बदलीन.” ही माझ्या लग्नानंतरची अठ्ठावन्नावी संक्रांत, आणि असं कधी घडलं नव्हतं. शुक्रवारी माझ्याकडे हळदीकुंकू होतं. मी सुनेला, प्रांजलीला, कुंडी व्हरांड्यात आणायला सांगितली आणि हळदीकुंकवाच्या तबकाशेजारी स्टुलावर ठेवली. बायका येतील, बघतील, आणि गोष्ट मुरारपर्यंत आपोआप जाईल, असा माझा हिशेब होता.

बायकांनी बघितलंही. आमच्या गल्लीतल्या सुधाताई तर तिळगूळ हातात धरून उभ्याच राहिल्या.

“अगंबाई शामला, पौषात? कुसुमताईंना कळवलंस का?”

“मी कशाला कळवू?” मी म्हटलं. “कळेल की.”

सात वाजले, साडेसात वाजले. सराफ्यातून चौघी उशिरा आल्या, त्यांना वाण दिलं, डबे झाकले, गुडघे बोलायला लागले आणि मी आत जाऊन रजईत शिरले. प्रांजलीनं वाट्या-तबकं आवरली. कुंडी आत घ्यायची तिला सांगितलेली नव्हती. कुंडी सांभाळायचं काम पंचावन्न वर्षांत मी कोणाला सांगितलेलं नाही.

शनिवारी सकाळी व्हरांड्याच्या कठड्यावर पाला, म्हणजे गोठलेलं दव, पडला होता, पिठी साखर भुरभुरल्यासारखा. कुंडीतली पानं उकडलेल्या पालकासारखी लोंबत होती. तीन फुलांचा तुरा काळा.

मी कुंडी आत घेतली. वाट बघितली. अबोली कधीकधी बुडातून फुटते, म्हणून पाणी तोडलं आणि रोज नखानं खोड खरवडून बघायला लागले. हिरवं दिसलं की जीव आहे. पहिल्या आठवड्यात शेंडा तपकिरी, मग मधला भाग, मग बूड. फाल्गुनात कुंडी उपडी केली. मुळं काळी, बोटात घेतली की तुटत होती. सासूबाईंच्या डालड्याच्या डब्यापासून चालत आलेलं झाड माझ्या मिरवण्यानं गेलं होतं.

कुसुमताईंचा फोन दर रविवारी अकराला येतो. आमचे दोघींचेही यजमान गेल्यापासून हा नेम आहे. त्या चौऱ्याऐंशीच्या, मी सत्त्याहत्तरची. आधी औषधं, मग कोण गेलं कोण आलं, आणि शेवटी, “कुंडी कशी आहे गं?”

“आहे,” मी म्हणाले.

पुढच्या रविवारीही “आहे.” त्याच्या पुढच्याही. खोटं बोलायला मला इतका छोटा शब्द पुरेल असं वाटलं नव्हतं. पण बोटभर वेणीचे चाळीस वर्षांचे टोमणे आठवत, आणि “मेली” म्हणण्याऐवजी मी फोन ठेवी.

मार्चच्या शेवटच्या रविवारी त्या म्हणाल्या, “चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला येशील तेव्हा कुंडी घेऊन ये. माझी कंबर गेली आहे, आता तुझ्याकडे काही माझं येणं होत नाही. एकदा बघायची आहे मला.”

मी फोन ठेवला आणि तशीच बसून राहिले. प्रांजलीनं विचारलं तेव्हा सगळं सांगितलं.

“एवढंच ना आई? नर्सरीतून आणू या दुसरी. क्रॉसेन्ड्रा म्हणतात, खूब मिळते. काकूंना आता दिसतंय तरी किती? किसको पता चलेगा?”

“तुझ्या सासूला पता आहे ना.”

“मग तुम्ही सांगा त्यांना सच-सच. मी आत्ता फोन लावून देते.”

मी तिच्या हातातला फोन काढून घेतला. दुसऱ्या दिवशी आम्ही नर्सरीत गेलो. झाडं छान होती, चकचकीत पानं, भरपूर फुलं, रंग मात्र आमच्यापेक्षा तांबडा. मी माळ्याला बियांबद्दल विचारलं.

“अम्मा जी, इसमें बीज नहीं पड़ता,” तो म्हणाला. “कलम से ही लगता है. फूल देखिए, बीज का क्या करेंगी?”

त्याला काय सांगणार की मुरारला एक म्हातारी वाळलेल्या तुऱ्यावर पाणी शिंपडून तडतडाट ऐकत बसते. मी सगळ्यात फिकट रंगाचं रोप निवडलं, घरी येऊन जुन्या कुंडीत लावलं, फुलं खुडून टाकली आणि वरची माती हातानं दाबून जुनी दिसेल अशी केली. हे लिहिताना लाज वाटते, पण केलं ते केलं.

चैत्रगौरीच्या दिवशी ई-रिक्षात कुंडी माझ्या पायांत होती. प्रांजली कैरीच्या डाळीचा डबा धरून बसली होती. महाराज बाड्याच्या चौकात गर्दीत अडकलो तेव्हा मनात आलं, इथेच कोणाच्या तरी दुकानापुढे कुंडी ठेवून द्यावी आणि रिकाम्या हातानं जाऊन खरं सांगावं. रिक्षा सुटली आणि तेही राहिलं.

कुसुमताईंचं घर म्हणजे तीन खोल्या आणि मागे थोडी मोकळी जागा. मुलगा हेमेंद्र ऑफिसात होता. सून गरिमा मुरैन्याची, हिंदी बोलणारी, पण मराठी सगळी समजते. पन्ह्याचे पेले, भिजवलेले हरभरे, गौरीपुढे आरास, सगळं तिनं नीट मांडलं होतं. कुसुमताई पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या.

“आणलीस? इकडे ठेव, हाताशी.”

प्रांजलीनं कुंडी पलंगाजवळ स्टुलावर ठेवली. कुसुमताईंनी पानांना हात लावला नाही. त्यांनी बोटं सरळ खाली, मातीशी, खोडाच्या बुडाला नेली. आमच्या अबोलीचं बूड अंगठ्याएवढं जाड होतं, त्यावर एक गाठ होती. हे रोप पेन्सिलीसारखं.

त्यांनी बोटं काढली, पदराला पुसली आणि विचारलं, “ही कोण?”

गरिमा हरभऱ्याची वाटी घेऊन तशीच उभी राहिली.

“नर्सरीतली,” मी म्हणाले. “आपली गेली. जानेवारीत. हळदीकुंकवाला बाहेर ठेवली आणि आत घ्यायची विसरले.”

“तीन फुलं आली होती म्हणे.”

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“सुधानं. त्याच संध्याकाळी फोन केला होता. आठ दिवसांनी तुझ्याकडे परत आली, तर कुंडीत काळं लाकूड. तोही फोन केला. तू मिरवायला ठेवलीस ना, मग बातमी दोन्ही बाजूंनी पोचणारच.”

“मग दर रविवारी विचारत कशाला होता?”

“म्हटलं, आज सांगेल.” त्यांनी पन्ह्याचा घोट घेतला. “पुढच्या रविवारी म्हटलं, आज सांगेल. अकरा रविवार झाले शामला. शेवटी कुंडीच घेऊन ये म्हटलं. वाटलं, आता तरी रिकाम्या हातानं येऊन सांगशील. तू तर ही पोर नटवून घेऊन आलीस.”

मी मान खाली घातली. प्रांजली काहीतरी बोलायला गेली, तिला मी हातानं थांबवलं.

“माझी बोटभर का होईना, वेणी झाली होती,” कुसुमताई म्हणाल्या.

“झाली होती.”

“परत म्हण. गरिमाला ऐकू दे.”

“तुमची वेणी झाली होती, आणि मी झाडच मारलं,” मी म्हणाले. गरिमानं पदर तोंडाला लावला. तिचं हसू दिसतच होतं.

“हां,” कुसुमताई म्हणाल्या. “आता मागे जा. न्हाणीघराच्या भिंतीशी काय आहे ते बघ आणि ये.”

मला वाटलं, रागानं बाहेर घालवताहेत. गेले. न्हाणीघराची ती भिंत दक्षिणेकडे आहे, वर पत्र्याची पडवी, आणि आंघोळीचं कोमट पाणी तिथूनच वाहतं. भिंत आणि फरशी यांच्या फटीत, वाहत्या पाण्याच्या कडेनं, सहा रोपं उभी होती. कोणी टीचभर, कोणी वीतभर. एकावर तुरा होता आणि तुऱ्यावर एकच फूल. रंग बघायला मला वाकावंही लागलं नाही.

परत आले ती तणतणतच. “तुमच्याकडे होती! आणि मला तीन महिने झोप नाही!”

“बस आधी.”

“बसत नाही. कधीपासून आहेत?”

“नेहमीच येतात. कुंडी माझ्याकडे असते त्या वर्षी बी तडकून उडतं, पावसात रुजतं, भिंतीशी ऊब आहे म्हणून वाढतं. कुंडी तुझ्याकडे रवाना झाली की दिवाळीच्या आधी मी सगळी उपटून टाकते. तीस-पस्तीस वर्षं टाकते आहे. या वर्षी कंबरेनं वाकू दिलं नाही.”

“मुझे तो लगा जंगली है चाची जी,” गरिमा म्हणाली. “मम्मी जी ने कहा, रहने दे, तो रहने दिया.”

“उपटायची कशाला पण?” प्रांजलीनं विचारलं. “काकू, दोन्ही घरी एक-एक झाली असती की!”

कुसुमताईंनी तिच्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघत म्हणाल्या, “पंच्याऐंशी-शहाऐंशी आठवतं तुला?”

आठवत होतं. चुलत नणंदेच्या लग्नातल्या मानपानावरून आमचं बिनसलं होतं. दोन वर्षं आम्ही एकमेकींशी बोललो नाही. आमचे नवरे, दोघे भाऊ, बाड्यावर परस्पर भेटत आणि घरी येऊन सांगत नसत.

“शहाऐंशीत भाद्रपद संपला, कुंडी पोचवायची होती,” कुसुमताई म्हणाल्या. “तू टांग्यातून उतरलीस. कुंडी उंबऱ्याच्या आत ठेवलीस, पेटी ठेवलीस, पाणीही न घेता वळलीस. पण आलीस. माझ्या घरी अबोली असती तर कशाला आली असतीस? पेटी नवऱ्याच्या हातानं पाठवून मोकळी झाली असतीस.”

झालेच असते. मी तेव्हा तशीच होते.

“पुढच्या वर्षी मी तुझ्याकडे आले तेव्हा तू म्हणालीस, माती बदलली होती का? तिथून बोलणं सुरू झालं. त्यानंतर पहिल्यांदा भिंतीशी रोपं दिसली तेव्हा मी ती हातात धरून बराच वेळ उभी होते. मग टाकली.”

बाहेर भाजीवाल्याच्या गाडीवरचा भोंगा काकडीचा भाव सांगत होता.

प्रांजलीनंच पुढाकार घेतला. “चला, आता छान झालं ना! तीन आम्ही नेतो, तीन इथं राहू दे. दोन्ही घरी हमेशा फुलं. परत कधी थंडीत गेली तरी टेन्शन नाही.”

ती चुकीचं बोलत नव्हती. कोणत्याही माळ्यानं हेच सांगितलं असतं. एका कुंडीवर सगळं ठेवणं हा वेडेपणा, आणि त्या वेडेपणानं काय होतं हे मी याच जानेवारीत बघितलं होतं. मी कुसुमताईंकडे बघितलं. त्या पेल्यात बघत होत्या. मला त्या काही सांगणार नव्हत्या. मी तीन रोपं मागितली असती तर त्यांनी “ने” म्हटलं असतं, आणि पुढच्या भाद्रपदात मुखवट्यांची पेटी हेमेंद्रनं ऑफिसातून येताना गाडीवर नेली असती.

“गरिमा, खुरपं आहे का?” मी विचारलं.

मागे जाऊन मी पाट घेऊन बसले. कुंडीतलं नर्सरीचं रोप मातीच्या गोळ्यासकट काढून बाजूला ठेवलं. सहा रोपांत फुलाचं रोप मी घेतलं नाही, ते लांबट आणि पातळ होतं. त्याच्या शेजारचं, बुटकं, बुडाशी जाड, दोन फांद्या फुटलेलं निवडलं. भोवतीची फट पाण्यानं भिजवली, खुरप्यानं फरशीचा तुकडा उचकटला आणि मूळ न तोडता ते वर घेतलं. कुंडीत लावलं, माती दाबली, अर्धा तांब्या पाणी घातलं.

मग उरलेल्यांना हात घातला. पहिलं सहज आलं.

“आई! अहो काय करताय!” प्रांजली ओरडली. “चांगली रोपं आहेत!”

“आहेत,” मी म्हणाले आणि दुसरं उपटलं.

फुलाच्या रोपाशी हात क्षणभर थांबला. त्याचं मूळ बरंच खोल गेलं होतं, दोन्ही हात लावावे लागले. पाच झाली. मी ती एकावर एक ठेवून जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळली. नर्सरीचं रोप गरिमाला दिलं.

“फाटकाशी लाव हे. कुंडीच्या नियमात बसत नाही. बी धरत नाही, पसरणार नाही.”

“लेकिन चाची जी, वो बाकी वाले...”

“ते राहू दे बेटा.”

आत आले तेव्हा कुसुमताईंनी हात पुढे केला. मी कुंडी स्टुलावर ठेवली. या वेळी त्यांनी बुडाला हात लावला आणि मग पानांनाही.

“दहा दिवस सावलीत ठेव,” त्या म्हणाल्या. “भाद्रपदापर्यंत दोन वेण्या होतील का?”

“बोटभर होतील.”

“चालतील. आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी इकडे. हिवाळा माझा. गरिमाला मी शिकवते, दुपारचं पाणी वगैरे.”

“मेणकापड घालू देऊ नका.”

“आणि तू हळदीकुंकू करू नकोस.” त्या उशीला टेकल्या. “सगळी काढलीस?”

“पाचही.”

“न्हाणीघराच्या मागे, जिथं नळी वळते, तिथं बघितलंस?”

मी परत मागे गेले. नळी वळते तिथं विटेच्या आडोशाला एक होतं, चारच पानांचं. मी भिंतीला धरून वाकले आणि तेही काढलं.